डावा हात

दिवाळी सरली, की आमच्या लाखांदूरकडच्या गावांत धानकापणीला जोर येतो. कडपा वाळतो, भारे बांधले जातात, पुंजणे उभे राहतात. पूर्वी बैलांची पात फिरवून धान चुरत. आता ट्रॅक्टरवर चालणारी मळणीची मशीन येते. भाडं तासावर, त्यामुळे ती थांबलेली कोणालाच परवडत नाही. मामा तिच्या तोंडाशी उभा राहायचा. मशीनला धान चारायचं काम त्याचं.

2016 च्या चुरणीत, रात्री तीनच्या सुमारास एक ओला भारा अडकला. मामाने तो डाव्या हाताने रेटला. फिरत्या ड्रमने भारा ओढला, त्यासोबत हातही. चार बोटं गेली, अंगठा राहिला.

मशीनच्या तोंडाला पुरेसं लांब, वरून झाकलेलं पत्र्याचं पन्हाळं असलं, की हात ड्रमपर्यंत पोचत नाही. त्या मशीनचं पन्हाळं कापून आखूड केलं होतं. भारा लवकर जातो म्हणून.

अशा यंत्रांसाठी 1983 चा केंद्राचा कायदा आहे, त्यात मजुराच्या भरपाईचीही तरतूद आहे. 1923 च्या भरपाई कायद्यात तर बोटाबोटाचा हिशेब लिहिलेला होता : एका हाताची चार बोटं गेली तर कमाईची ताकद 50 टक्के घटली, नुसता अंगठा गेला तर 30 टक्के. गोपीनाथ मुंडेंच्या नावाची अपघात विमा योजना होती, पण तिला सातबारा लागे. मामाच्या नावावर एक बांधी नव्हती. हजेरीच्या वहीतही नाव नव्हतं, कारण वहीच नव्हती. मशीनवाल्याने दवाखान्याचं बिल भरलं, वर पाच हजार दिले आणि गावात तो भला माणूस ठरला.

"डावाच गेला ना, उजवा तं हाय," असं लोक म्हणायचे. पण कापणीत इळा उजव्या हातात असला तरी धान मुठीत धरतो तो डावाच. रोवण्यात पऱ्ह्यांची जुडी डाव्याच हातात असते. मामाची दोन्ही कामं त्या रात्री सुटली. तो गावची गुरं राखू लागला.

एकदा मी त्याला कायद्याचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग डावा हात पुढे करून म्हणाला,

"भासेबुवा, अंगठा तं ठेवला ना तिनं. पन लावाचा कोनत्या कागदावर?"