उंबराचं फूल

आमच्या आजोळी परसात विहिरीच्या कडेला उंबर होता. फांद्यांनाच काय, खोडालाही लालबुंद फळांचे घोस. दिवसा वर तांबट-हरियालांचा दंगा, रात्री वटवाघळांचा. आजी पहाटे खराट्यानं पडलेली उंबरं लोटायची, टोपली भरून उकिरड्यावर टाकायची आणि तिन्हीसांजेला त्याच झाडाखाली दत्तासाठी दिवा लावायची. वर्षानुवर्षांनी कुणी पाहुणा दारात उभा राहिला की म्हणायची, "उंबराचं फूलच की हो दिसलं!" ते फूल मध्यरात्री उमलतं आणि नशीबवानालाच दिसतं, हेही तिनंच सांगितलेलं. एका दत्तजयंतीला मी नि मामेभाऊ घोंगडं पांघरून झाडाखाली जागत बसलो. दहाच्या आत दोघेही घोरत होतो.

उंबर खायची रीत ठरलेली होती. फोडायचं, फुंकर मारून चिलटं उडवायची, उरलेलं तोंडात. मामा म्हणायचा, "अंधारात खाल्लं तर फुंकरही लागत नाही."

ती चिलटं कोण, हे मला फार उशिरा कळलं. उंबराची शेकडो बारीक फुलं फळाच्या आतच असतात. ज्याला आपण फळ म्हणतो, ती या फुलांची बंद पिशवी. गांधीलमाशीच्या कुळातली, जेमतेम दोन मिलिमीटरची मादी टोकाच्या छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की बहुधा पंख तिथंच तुटतात. आत ती सोबत आणलेले परागकण फुलांवर सांडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. ते माद्यांशी जुगतात, त्यांच्यासाठी भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचा खेळ संपतो. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. आयुष्य एखाद-दोन दिवसांचं. तेवढ्यात वाऱ्यावर वाहत दुसरा उंबर गाठायचा. वड-पिंपळांचंही असंच, प्रत्येकाची चिलटं वेगळी.

तेव्हा ओढ्याला, विहिरीला, देवळामागं उंबर असायचेच. आता आमच्या सोसायटीत कुंपणाशी एकच आहे, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडलेला. फळं गाड्यांवर पडतात, डाग जात नाहीत, म्हणून दर मीटिंगला त्याच्या फांद्यांचा विषय निघतो. इथून निघालेल्या चिलटाला पुढचा उंबर कुठं सापडत असेल, हा विषय मात्र निघत नाही.

परवा एका गाडीच्या टपावरून उंबर उचलून नातीसमोर फोडलं. तिनं मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला. पडद्यावर दाटीवाटीनं उभे बारीक देठ आणि त्यांतून वाट काढणारी काळी चिलटं.

"आजोबा, ही सगळी फुलं?"

"सगळी."

आणि आजी रोज पहाटे ती टोपलीभर उकिरड्यावर नेऊन टाकत होती.