ज्या आडाचं पाणी, त्याच आडात जिवाणी



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या घरात दोनच विषय असतात, पाणी आणि उपवास. यंदा दोन्ही एकाच धाग्यात गुंफले गेले, म्हणून हा लेख जरा लांबला आहे.

माझं माहेर तासगावकडचं. वाड्यात आड होता. आजी पाणी शेंदून दुहेरी गाळण्यातून गाळायची, मग गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायची, आणि ते धुवण, म्हणजे जिवाणी, परत आडात सोडायची. वरून ओतायचं नाही. बुडाशी कडी असलेली बादली दोरानं पाण्यापर्यंत न्यायची आणि तिथे अलगद उलटी करायची. मळ्यातल्या विहिरीचं पाणी घरी आणलं, तर त्याची जिवाणी मळ्यातच परत जायची. आमच्या आडात नाही. "त्यांचं घर ते," एवढंच आजीचं स्पष्टीकरण.

धाकट्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात परासरणाचा धडा वाचताना मला ही कडीची बादली आठवली. पुस्तकात बेदाण्यांचा प्रयोग आहे. साध्या पाण्यात बेदाणे फुगतात, तेच साखरेच्या दाट पाकात टाकले की आकसतात. तासगावच्या मुलीला हे शिकवायला नकोच! कारण असं, की पेशीभोवतीच्या पातळ पटलातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ-साखर तशी सहज जात नाही. म्हणून जिकडे विरघळलेलं जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं.

आता पाण्यातल्या एकपेशीय जिवाचं बघा. अमीबा किंवा पॅरामेशियम गोड्या पाण्यात राहतो. त्याच्या आत क्षार जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी सतत आत शिरत राहतं. गळक्या होडीतून पाणी उपसावं तसं तो एका छोट्या पिशवीत ते गोळा करून बाहेर टाकत असतो, अखंड. त्यालाच खाऱ्या पाण्यात टाकलं तर उलट होतं, आतलं पाणी बाहेर जातं आणि तो आकसतो. दोन गोड्या विहिरींत फरक थोडाच असेल, तिथे जीव तगेलही. पण गोड विहीर आणि मचूळ विहीर म्हणजे त्याच्यासाठी दोन वेगळी जगं.

इथे एक सांगून ठेवते. पाणी हेच ज्यांचं शरीर, त्या जलकायिक जीवांची गोष्ट वेगळी आहे. ती मी सूक्ष्मदर्शकानं सिद्ध करायला जाणार नाही आणि कुणी जावं असंही मला वाटत नाही. मी बोलते आहे ते गाळण्यावर अडकणाऱ्या त्रसजीवांबद्दल.

कळंबोलीत आड कुठला? नळाला गाळणं बांधायचं आणि जिवाणी ठेवायची कुठे, हा प्रश्न इथल्या प्रत्येक जैन घरात आहे. आरओ असला की मुली विचारतात, आता गाळायचं कशाला? तो आरओ म्हणजे हेच परासरण जोर लावून उलटं चालवलेलं. पंपाच्या दाबानं पाणी क्षारांकडून ओढून आणायचं, आणि उरलेलं खारट पाणी नळीतून मोरीत. आमच्याकडे ते बादलीत धरून फरशीला वापरतो.

पण परासरण बघायचं तर कामोठ्याच्या खाडीकडे जा. तिवराचं पान चाटून बघितलं तर खारट लागतं, कारण मुळांना चुकवून आत आलेलं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. भाताला हे जमत नाही. खारजमिनीत मुळं ओल्या चिखलात असूनही रोप तहानतं, कारण मातीतलं मीठ पाणी सोडत नाही. आपल्या शेजारी पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. खारट जमीन सोसणाऱ्या भाताच्या 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' या जाती तिथल्याच.

आता मूळ विषय, सासूबाई.

वय ७२. रक्तदाबाची गोळी चालू, त्यात लघवी वाढवणारं औषध. गेल्या वर्षी त्यांनी सलग पाच उपवास केले, फक्त उकळलेल्या पाण्यावर. "पाणी भरपूर घेते गं, काळजी नको," म्हणायच्या, आणि खरंच भरपूर घ्यायच्या. त्याआधी महिनाभर मीठत्यागही होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखू लागलं, मळमळलं, आणि त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. दवाखान्यात सोडियम निघालं १२१. असायला हवं १३५ ते १४५.

डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मला बेदाणेच दिसले. मीठ आत जात नाही, गोळी लघवीवाटे घालवते, वर साधं पाणी पीत राहिलं की रक्त पातळ होतं. मग पाणी पेशींत शिरतं. बाकी शरीराला फुगायला जागा आहे, मेंदू कवटीत कोंडलेला. आधी डोकेदुखी, मग भ्रम, वेळ गेली तर झटके, बेशुद्धी. सलाइनमध्येही लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं ते याचसाठी. नुसतं पाणी शिरेत गेलं तर रक्तपेशी फुटतील. सोडियम वाढवलंही हळूहळू, रोज तपासत, कारण घाईनं वाढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते. पाच दिवसांनी घरी आलो.

यंदा त्यांनी परत दहा उपवास धरायचं ठरवलं. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. शेवटी मी म्हटलं, "आई, सोळाकारण भावनांत शक्तितस्तप आहे ना? शक्ती बघूनच तप." त्या म्हणाल्या, "मला शिकवू नकोस." पण दुसऱ्या दिवशी मंदिरात माताजींना स्वतःच विचारून आल्या.

ठरलं ते असं. पंचमीला आणि अनंत चतुर्दशीला एकाशन, तेही मिठासह. बाकीचे दिवस रात्रीभोजनत्याग आणि स्वाध्याय. गोळीचं डॉक्टर आधी बघणार, सोडियम पर्वाआधी एकदा आणि मध्ये एकदा. तुमच्या घरी कुणी अशी गोळी घेत असेल, तर उपवासाआधी डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवा, आणि निर्जल असो की पाण्यावरचा, कोणता उपवास ते नीट सांगा.

सासूबाई अजून थोड्या रुसलेल्या आहेत. काल मुगाच्या खिचडीत त्यांनीच मीठ घातलं, जरा जास्तच.