खोली कुणी ठरवायची?

कोपरगावच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गाची हजेरी घेताना तालुक्याचा शंभर वर्षांचा इतिहास आडनावांच्या रूपानं समोर बसलेला असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर-मधमेश्वरहून गोदावरीचे कालवे निघाले, कोरडवाहू रानाला पाणी मिळालं आणि पाण्यामागोमाग माणसं आली. सासवडकडच्या माळी बागायतदारांनी खंडानं जमिनी घेऊन ऊस लावला. कच्छी घराण्यातले, पण जन्मानं याच जिल्ह्यातले करमशीभाई सोमैया यांनी साकरवाडीला साखर कारखाना उभारला. पुढे कोळपेवाडी आणि संजीवनी हे सहकारी कारखाने आले. त्यांच्या गळीत हंगामासाठी दर वर्षी बीड-पाथर्डीकडून तोडीच्या टोळ्या येऊ लागल्या आणि त्यातली काही कुटुंबं इथेच राहिली. दौंड-मनमाड लाइनवरचं स्टेशन असल्यामुळे, २००९ साली साईनगर शिर्डीला रेल्वे पोहोचेपर्यंत, देशभरातले साईभक्त आधी कोपरगावलाच उतरत. बाजारात आजही मराठीच्या जोडीला हिंदी आणि तेलुगू कानावर पडते. या सगळ्यांची नातवंडं आता कॉलेजात आहेत. अकोले तालुक्याच्या डोंगरातून आलेली महादेव कोळी आणि ठाकर मुलं, तालुक्यातल्या भिल्ल वस्त्यांवरची पहिलीच शिकणारी पिढी, गावातल्या मारवाडी आणि मुस्लिम व्यापाऱ्यांच्या मुली, खानदेशातून आलेले अहिराणी बोलणारे आणि इंजिनिअरिंगसाठी लांबून आलेली मुलंही आहेत. रयत शिक्षण संस्थेचं सद्गुरू गंगागीर महाराज सायन्स, गौतम आर्ट्स आणि संजीवनी कॉमर्स कॉलेज १९६५ साली सुरू झालं. संजीवनीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं. सोमैयांच्या नावाचंही कॉलेज गावात आहे. अर्ध्या लाखाहून थोड्या जास्त वस्तीच्या गावात इतकी विविधता एका आवारात जमते, हे थोडं नाही.

पण जमणं आणि मिसळणं वेगळं. इतकी वर्षं मुलांबरोबर काढल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. वर्गात शेजारी बसल्यानं मुलं एकमेकांची होत नाहीत. ती होतात ती एका खोलीत राहिल्यानं, एका मेसमध्ये जेवल्यानं आणि एकमेकांच्या पाळीचं काम उरकल्यानं. म्हणून कॉलेजनं पहिल्या वर्षाला कोण कुणाबरोबर राहणार हे स्वतः ठरवावं. आज ते मुलांवर, पालकांवर आणि घरमालकांवर सोडलेलं आहे आणि ते निर्णय बहुतेक वेळा आडनावावरून होतात. बाहेर खोली शोधणाऱ्या मुलाला भाड्याच्या आधी "गाव कोणतं?" आणि त्यामागोमाग "तुम्ही कोण लोक?" हा प्रश्न येतो. उत्तर पटलं नाही तर खोली "कालच दिली" असते. ज्याला अशी उत्तरं चार ठिकाणी मिळतात, तो पाचव्या ठिकाणी आपल्याच गावच्या, आपल्याच लोकांच्या खोलीत जाऊन पडतो आणि तीन वर्षं तिथेच राहतो. आपण त्याला त्याची आवड म्हणतो.

जेवणाच्या वेळी मेसमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की हे उघड दिसतं. स्टीलची ताटं घेऊन रांग सगळ्यांची एकच असते. आमटीचं पातेलंही एकच असतं. रांग संपते आणि ताटं आपापल्या टेबलांकडे वळतात. हे टेबल पाथर्डीचं, ते धुळे-जळगावचं, भिंतीकडेचं डोंगरातल्या मुलांचं. कुणी कुणाला हाकलत नाही. जागा फक्त आधीच भरलेल्या असतात. नवीन मुलगा ताट हातात धरून क्षणभर उभा राहतो, नजर फिरवतो आणि जिथे आपली बोली ऐकू येते तिथे जाऊन बसतो. त्याला दोष देता येत नाही. घरापासून पहिल्यांदा लांब आलेल्या पोराला ओळखीचा सूर हवाच असतो. प्रश्न एवढाच, की तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यातही तो त्याच टेबलावर असेल, तर मधल्या काळात कॉलेजनं त्याला पाठ्यक्रमापलीकडे काय दिलं?

हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. बेट कोपरगावात शुक्राचार्यांचं मंदिर आहे, जवळच कचेश्वरही आहे. असुरांच्या गुरूंचा आश्रम इथे होता, अशी आपल्याकडची श्रद्धा. तिथली कच-देवयानीची कथा लहानपणापासून सगळ्यांना पाठ असते, पण ती एका वसतिगृहाची कथा आहे हे सहसा कुणी म्हणत नाही. कच देवगुरू बृहस्पतींचा मुलगा, म्हणजे थेट शत्रुपक्षातला. तो मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शिकायला येतो आणि शुक्राचार्य त्याला शिष्य करून घेतात. प्रवेशाचा प्रश्न तिथे मिटलेला आहे. गुरू भेदभाव करत नाही, शिकवणंही थांबवत नाही. तरी कच मारला जातो, तोही पुन्हापुन्हा. पहिल्यांदा तो गायी राखायला रानात गेलेला असतो. गुरूच्या नजरेबाहेर, गुरूच्याच पक्षातल्या असुरांच्या हाती. त्याला वाचवायला लावते शुक्राचार्यांची मुलगी देवयानी, कारण संध्याकाळी गायी परत आल्या आणि कच आला नाही, हे तिच्या लक्षात येतं. मला ही कथा आजच्या प्राचार्यांनी वाचावी असं वाटतं. प्रवेश देऊन आणि निष्ठेनं शिकवून गुरूचं काम संपत नाही. मुलगा उरलेले अठरा तास कुठे आणि कुणाबरोबर असतो, आणि तो परतला नाही तर कुणाच्या लक्षात येईल, हेही शिक्षणाच्या कक्षेतच येतं.

कॉलेजनं खोल्या ठरवण्यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप इतिहासातूनच येतो. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार आणि धर्मवार बोर्डिंगं काढली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग झालं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहं होत गेली आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांना एकी नको होती असं कोण म्हणेल? त्यांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं होतं. १८९६ सालच्या त्या राजाराम वसतिगृहाचं दार कागदावर सर्वांना उघडं होतं, पण व्यवस्था एका वर्गाच्या हाती राहिली आणि आत ब्राह्मण विद्यार्थीच उरले. तेव्हा ज्याला आत शिरताच येत नाही त्याला आधी स्वतःचं छप्पर द्यावं, हा महाराजांचा निर्णय त्या काळाचा विचार करता बिनतोड होता. आजही समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं याच कारणासाठी उभी आहेत. ती नसती तर डोंगरातली कित्येक मुलं-मुली कॉलेजपर्यंत पोहोचलीच नसती. मी त्यांच्या विरोधात एक शब्दही बोलणार नाही.

पण त्याच कोल्हापुरातून दुसरी वाटही निघाली. जैन बोर्डिंगात राहून शिकणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यापायी त्याला ते वसतिगृह सोडावं लागलं. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. १९१९ साली काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे बोर्डिंग उभं केलं त्यात महार, मराठा, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटतं. वेगवेगळी बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव सगळ्यांच्या एका बोर्डिंगला देताना भाऊरावांना त्यात विरोध दिसला नाही. आधी आत येण्याची सोय आणि मग एकत्र राहण्याची शिस्त, अशी ती पुढची पायरी होती. १९३२ साली पुणे करारानंतर त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं तेही याच विचारानं. साताऱ्याच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडून तिथल्या मुलांना जेवू घातलं होतं. राजाराम वसतिगृह का फसलं आणि साताऱ्याचं का टिकलं, याचं उत्तर मला इथे दिसतं. दार दोन्हीकडे उघडं होतं. साताऱ्यात मात्र खोली, चूल आणि कामाची पाळी ठरवणारा माणूस मिसळण्याच्या बाजूनं ठामपणे उभा होता.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. आमची निम्म्याहून जास्त मुलं अप-डाउन करणारी, दुपारच्या एसटीनं आवार रिकामं होतं, मग वसतिगृहाची चर्चा कशाला, असं सहकारी प्राध्यापक म्हणतात. या मुलांसाठी उपाय आपल्या हाताशीच आहे, फक्त त्याकडे आपण या नजरेनं पाहत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली आणि तिचं सात दिवसांचं निवासी हिवाळी शिबिर जवळपास प्रत्येक कॉलेज घेतं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गात सतरंज्या पडतात, गट पाडले जातात, एका गटाकडे स्वयंपाक, एकाकडे पाणी, एकाकडे बंधाऱ्याचं खोदकाम. गट शिक्षक पाडतात, मुलं नाही. अशा शिबिरांतून मुलं परतली की वर्गातल्या बैठका बदललेल्या दिसतात, डबे वेगळ्या बाकावर उघडतात. वर्षभर शेजारी बसून जे झालं नाही ते कणकेच्या परातीभोवती आठवड्यात होतं. भाऊरावांच्या 'कमवा आणि शिका'चाही हाच गाभा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत ती योजना गरीब मुलांना चार पैसे मिळावेत म्हणून चालते आणि ते पैसे गरजेचेच आहेत. पण बागेत किंवा ग्रंथालयात दोन वेगळ्या घरांतली मुलं एका कामाला जोडीनं लागली, तर त्या योजनेतून पैशांपेक्षा पुष्कळ अधिक निघतं.

खाण्याचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे. माळकरी घरातला मुलगा, जैन मुलगी, मटण खाणारं मराठा घर, हलालचा आग्रह असलेला मुस्लिम मुलगा, घरची चवच वेगळी असलेली आदिवासी मुलगी, या सगळ्यांना एक ताट कसं देणार? माझं उत्तर असं की पदार्थ एक असण्याची गरजच नाही, पंगत एक हवी. चुली दोन ठेवा, भांडी वेगळी ठेवा, पण बसण्याचं दालन आणि टेबल एकच राहू द्या. आणि एकत्र जेवण्याची कल्पना बाहेरून आणावी लागत नाही. ज्या गंगागीर महाराजांचं नाव आमच्या कॉलेजाला आहे, त्यांच्या सराला बेटाच्या सप्ताहाची परंपरा पावणेदोनशे वर्षांच्या घरात आहे. तिथला महाप्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. आमटी जागेवर कढयांमध्ये शिजते, भाकरी मात्र गावोगावच्या घरांतून येतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून फडक्यात बांधलेल्या चवडी उतरतात आणि ढिगात मिसळतात. कुणी जाड थापलेली, कुणी पातळ, एखादी कडेला करपलेली. पानावर पडलेली भाकरी कुठल्या घरच्या तव्यावरची, हे खाणाऱ्याला कळत नाही आणि तो विचारतही नाही. हजारो लोक असं जेवतात आणि कुणाचा धर्म बुडत नाही. त्याच गावांतल्या मुलांना कॉलेजच्या मेसमध्ये एका टेबलावर बसायला सांगणं म्हणजे जुलूम आहे, हे मला पटत नाही.

जुलमाचा मुद्दा तरुण सहकारी वेगळ्या शब्दांत मांडतात. अठरा वर्षांच्या मुलाला मैत्री कुणाशी करायची हे आपण कोण सांगणार? मैत्री सांगता येत नाही, हे मान्य. पण खोली वाटली नाही म्हणून मुलं मोकळेपणानं निवडतात असं होत नाही. मग निवड घरमालक करतो, गाववाले करतात, मोठ्या वर्षाचा एखादा पुढारी मुलगा करतो. ज्याच्या आडनावाला गावात वजन आहे त्याला ते स्वातंत्र्य भासतं. भिल्ल वस्तीवरच्या मुलाला ते दार बंद असल्यासारखं वाटतं. कॉलेजनं चिठ्ठ्या टाकून खोल्या दिल्या तर निदान नकार पचवण्याचं काम त्या एका मुलावर पडत नाही.

मुलींच्या पालकांची काळजी याहून वेगळी आहे आणि तिला घाईनं पुराणमतवादी म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या घरातली पहिलीच मुलगी गाव सोडून शिकायला निघाली आहे, त्या आईला खोलीत कोण असेल हे आधी कळायला हवं असतं. चिठ्ठी टाकून पाठवा म्हटलं, तर ती मुलीला घरीच ठेवेल आणि नुकसान मुलीचंच होईल. म्हणून खोली ठरल्यावर प्रवेशाच्या आठवड्यातच दोन्ही-तिन्ही घरांच्या पालकांना रेक्टरबाईंनी एकत्र बोलवावं. चहा पाजावा, आयांची एकमेकींशी ओळख करून द्यावी, फोन नंबर द्यायला-घ्यायला लावावेत. लेकीच्या खोलीतली ती मुलगी कोण, हे आईला डोळ्यांनी दिसलं की धास्ती निम्मी ओसरते. हे काम रेक्टरच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असावं आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत. आज हे पद बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कामाच्या शेपटाला बांधलेलं असतं आणि मग कुलूप लावणं आणि हजेरी घेणं यापलीकडे त्यांच्याकडून काही होत नाही.

व्यवस्था म्हणून मी मागतो ते एवढंच: पहिल्या वर्षाच्या खोल्या कॉलेजनं वाटाव्यात आणि एका खोलीत एकाच तालुक्याची किंवा एकाच समाजाची मुलं येणार नाहीत एवढं पाहावं. ज्याला त्रास होईल त्याला कारण न विचारता बदली द्यावी, कारण मिसळण्याच्या नावाखाली कुणाला छळ सोसायला लावणं गुन्हा आहे. दुसऱ्या वर्षी ज्यानं-त्यानं आपली खोली निवडावी. किती मुलांनी आपल्याच लोकांची खोली मागितली आणि किती जणांनी पहिल्याच जोडीदाराबरोबर राहायचं ठरवलं, याची नोंद मात्र कॉलेजनं दर जूनला ठेवावी आणि ती शिक्षकांसमोर मांडावी.