हप्त्याने निवडलेलं काम

माझं शैक्षणिक कर्ज बारा लाखांचं. पण हप्ते सुरू झाले तेव्हा बँकेच्या खात्यावर आकडा होता 16 लाख 41 हजार. 2014 साली पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कम्युनिकेशन डिझाईनला प्रवेश घेतला. बँक दर वर्षी तीन लाख सोडायची. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नव्हता, व्याजाचं मीटर मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतं. साडेदहा टक्क्यांनी तीन लाखांचं वर्षाचं व्याज 31,500. पहिल्या तीन लाखांवर ते पाच वर्षं चढलं, पुढच्यांवर चार, मग तीन, मग दोन. बेरीज 4 लाख 41 हजार.

हे व्याज शिकत असतानाच भरलं असतं तर पहिल्या वर्षी महिन्याला 2,625 रुपये लागले असते, चौथ्या वर्षी साडेदहा हजार. पप्पांचे इचलकरंजीत चार माग आहेत. सुरुवातीची रक्कम त्यांना जड नव्हती. पण कर्ज मंजूर करताना बँकेच्या साहेबांनी सांगितलं, "आत्ता काहीच भरायचं नाही, मुलगी कमावती झाली की बघू." कर्ज साडेसात लाखांवर गेलं म्हणून राहतं घर तारण घेतलं, पप्पांची सहकर्जदार म्हणून सही घेतली. व्याजाचं हे गणित मात्र कुणी कागदावर मांडून दाखवलं नाही. व्याज भरत गेलो असतो तर पंधरा वर्षांच्या मुदतीला हप्ता 13,265 बसला असता. आम्हाला 18,140 बसला.

ही जवळपास पाच हजारांची तफावत पहिल्या नोकरीच्या वेळी किती मोठी असते ते सांगायला हवं. मला अक्षरांचं वेड. आमच्याकडे दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक काका होते. त्यांचा 'श्री' काढताना मनगट कसं वळतं हे बघत मी तासन् तास उभी राहायचे. कॉलेजात र. कृ. जोशींचं काम कळलं. संगणकावरचा 'मंगल' फॉन्ट त्यांनी केलेला, हे समजलं तेव्हा हाच आपला रस्ता असं मनाशी ठरून गेलं. 2018 मध्ये पास झाले आणि दोन कामं समोर आली. पुण्यात मुलांची पुस्तकं करणारा एक छोटा स्टुडिओ, देवनागरी अक्षरांवर भरपूर काम, पहिलं वर्ष पंधरा हजार. दुसरी बेंगळुरूची ऑनलाइन विक्रीची कंपनी, हातात तीस हजार.

निवड मी केली असं म्हणणं खरं होणार नाही. ती 18,140 ने केली. वर्षभराने हप्ता सुरू झाला, मग तो आणि पीजीचे जेवणासकट साडेआठ हजार गेले की उरायचे 3,360. त्यात मोबाईल, बस आणि दिवाळीचं इचलकरंजीचं तिकीट.

बेंगळुरूच्या कंपनीत मी सेलचे बॅनर करत होते. एकच चित्र, एकच 'फ्लॅट 50 टक्के', ते मोबाईलच्या, वेबसाइटच्या, नोटिफिकेशनच्या वेगवेगळ्या मापांत कापायचं. काम प्रामाणिकपणे केलं. पण डिझाइनरची पुढची नोकरी पोर्टफोलिओवर ठरते, मार्कशीटवर नाही. आणि माझ्या पोर्टफोलिओत बॅनरच साठत गेले. सुरुवातीची वर्षं ज्या कामात जातात, त्याच कामासाठी लोक तुम्हाला पुढे बोलावतात. पगार आणि कर्ज यांची तुलना करणारे लोक ही गोष्ट हिशेबात धरत नाहीत. मला ती सगळ्यात महाग पडलेली बाब वाटते.

पहिल्या हप्त्याच्या 18,140 पैकी 14,358 व्याजात गेले. मुद्दल फिटलं पावणेचार हजारांच्या आसपास. 2020 मध्ये टाळेबंदीत पगारकपात झाली, रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची सवलत दिली होती, ती मी घेतली. सवलत संपली तेव्हा थकबाकी हप्ते सुरू होतानाच्या रकमेपेक्षाही वर गेलेली होती. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात 80-ई कलमाखाली वजावट मिळते, हे सगळे आवर्जून सांगायचे. पण पाच लाखांच्या आतल्या करपात्र उत्पन्नावर तेव्हा कर शून्यच होता. वजावट कशातून करणार?

पुढे अ‍ॅपचं डिझाईन शिकले, पगार सुधारला, बोनस आला की मुद्दलात टाकते. कर्ज आता आटोक्यात आहे.

यंदा मामा त्यांच्या बारावीतल्या मुलाला, ओंकारला, घेऊन आले. हातात एका कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक आणि त्यावर 'सर्वोच्च पॅकेज' ठळक टाइपात. मी म्हटलं, "मामा, सर्वोच्च एकालाच मिळतं. वर्गातल्या मधल्या मुलाच्या हातात महिन्याला किती येतात ते विचारा." त्यांनी जरा दुखावून विचारलं, "मग पोराने डिझाईन शिकूच नये का?"

शिकावं, मनापासून शिकावं. मला टाइप बघता येतो, पान रचता येतं, वापरणाऱ्याच्या जागी उभं राहून विचार करता येतो, हे त्या चार वर्षांनी दिलं. पण आधी हप्ता काढावा. पहिल्या पगारातला तिसरा हिस्सा, म्हणजे तीस हजारांतले दहा, त्यावर हप्ता जात असेल तर तेवढं कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयआयटीतल्या डिझाईनसाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी, सर जे. जे.च्या उपयोजित कलेसाठी प्रयत्न करावा. 2024 पासून पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याजसवलतही आहे. माहितीपत्रकातलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी बघायला सांगितलं. आणि कर्ज घ्यायचंच ठरलं तर पहिल्या महिन्यापासून व्याज भरायचं, हे मामांकडून कबूल करून घेतलं.

ओंकार सध्या यूसीडच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतोय. मामांनी कॉलेजला पत्र पाठवून मधल्या मुलाचा पगार विचारलाय.