दाराजवळची जागा

विठ्ठलपूरच्या देवळात भजनाला बसताना आमची आई नेहमी दाराजवळची जागा धरायची. कारापूरच्या आमच्या घरून ती वेळेवर पोचे, पुढे जागाही असे. पण ती मागेच बसे आणि मध्येच उठून जाई. गर्दीत तिला गुदमरते, अशी आम्हा मुलांची समजूत होती. पुढे पुढे तिने देवळात जाणेच सोडले. त्याचे कारण कळायला मला स्वतः बाळंत व्हावे लागले.

१९९४ साली मला मुलगी झाली. रीतीप्रमाणे बाळंतपण माहेरी. शेक-शेगडी, तेल लावून न्हाणे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पोटपट्टा. आईने एकही गोष्ट चुकवली नाही. मात्र ज्या भागाने खरा भार सोसला, त्याबद्दल घरात किंवा इस्पितळात कोणी अवाक्षर काढले नाही. सव्वा महिना सरला आणि एकदा शिंकेसरशी माझी साडी ओली झाली. मग खोकताना, हसताना, कळशी उचलताना तेच. मी हसणे कमी केले. साखळीच्या बाजाराला जायचे असले, की सकाळपासून पाणी पीत नसे.

शेवटी एका दुपारी आईजवळ रडले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हाकाय तशेंच जाता गो." धाकट्या भावाच्या जन्मानंतर तिचे 'अंग बाहेर' येत होते, म्हणजे गर्भाशय खाली सरकले होते. वीस वर्षे तिने हे वडिलांनाही सांगितले नव्हते. आमच्या घरात बोलणे कोकणीतून आणि वाचन मराठीतून. हे दुखणे मात्र दोन्ही भाषांत मुकेच राहिले.

आम्ही मायलेकी एकाच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पदराची झोळी करून दाखवली. ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची अशीच झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. गरोदरपणात तिच्यावर वजन वाढत जाते, प्रसूतीत ती ताणली जाते. त्यातच जड उचलणे, जुना खोकला, शौचाला कुंथणे यांची भर पडली, की ती सैलावते. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या बाईचीही यातून पुरती सुटका नाही. नऊ महिन्यांचा भार तिनेही वाहिलेला असतो.

उपाय साधा होता. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली त्यावर लिहिले होते. लघवी आणि वारा एकदम रोखावा, तसे ते स्नायू आत-वर ओढायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. गुण यायला तीन महिने तरी लागतात. मला तेवढेच लागले.

आईचे व्यायामाने भागणारे नव्हते. तिची शस्त्रक्रिया झाली. ती घाबरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला आपल्याच शिरोड्याला १८९९ साली जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांची गोष्ट सांगितली. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाच्या मुखाला घालायचा 'शिरोडकर टाका' त्यांनी १९५५ साली जगापुढे मांडला. सरकलेले गर्भाशय वर उचलून धरण्याची एक शस्त्रक्रियाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आई एवढेच म्हणाली, "आमच्या गावच्या माणसाने केले, आणि आम्हालाच ठाऊक नाही!"

ही गत आमच्या एका घराचीच नव्हती. गडचिरोलीत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. प्रत्येक गावात आईसारख्या दाराजवळ बसणाऱ्या किती असतील!

शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी आई देवळात पुढच्या रांगेत बसली. पण मधली वीस वर्षे गेली ती गेलीच. आज ती नाही.

यंदा माझ्या त्याच मुलीला सातवा लागला आहे. परवा चहा घेता घेता मी तिला हा व्यायाम सांगितला, तोही जावयांच्या देखत. आधीपासून केला, तर पुढचा त्रास टळायला मदत होते. मुलगी लाजली, "आई, आताच कशाला?" म्हणाली. जावई मात्र कप खाली ठेवून नीट ऐकत होते. जाताना त्यांनी विचारले, "बाळंतपणानंतर जड किती दिवस उचलू द्यायचे नाही?"

हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी पुरुषाने विचारला.