झिप कोडच्या पुढे

ओहायोत वादळाच्या दिवसांत अग्निशमन दल कुठे धावतंय ते कळावं, म्हणून मी युनिडेनचा एसडीएस१०० हा रेडिओ स्कॅनर घेतला. झिप कोड टाकला की तो आपोआप सुरू होतो. पण मग पंचक्रोशीतलं सगळंच कानावर येतं: रस्ते खातं, शाळेच्या बसगाड्या, शेजारच्या काउंटीची रुग्णवाहिका. या गर्दीत हवा तो आवाज हरवतो. म्हणून कंपनीचं सेंटिनेल हे सॉफ्टवेअर उघडून मी स्वतःची यादी बनवायला बसलो.

जुन्या स्कॅनरमध्ये फ्रिक्वेन्सी भरली की काम भागायचं. पण ओहायोच्या ‘मार्क्स’ या राज्यव्यापी डिजिटल जाळ्यात ७०० आणि ८०० मेगाहर्ट्‌झमधल्या मोजक्या फ्रिक्वेन्सी अनेक खाती वाटून घेतात. जवानाने बोलायचं बटण दाबलं की कंट्रोल चॅनल त्या क्षणी मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी त्याला देतो. उत्तर दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर येऊ शकतं. कायम राहतो तो गटाचा क्रमांक, म्हणजे टॉकग्रुप. हे कळल्यावर मी फ्रिक्वेन्सींचा नाद सोडला. आपल्या भागाची साइट (म्हणजे तिथले मनोरे), तिचे कंट्रोल चॅनल आणि अग्निशमनाचे टॉकग्रुप एवढंच यादीत ठेवलं.

दाट वस्तीत आणखी एक अडचण असते. अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकच संदेश एकदम पाठवतात. तो आपल्यापर्यंत किंचित पुढेमागे पोहोचतो आणि लाटा एकमेकींत मिसळून शब्द फाटतात. याला सायमलकास्टची विकृती म्हणतात. २०१८ साली आलेला एसडीएस१०० मुख्यतः याच कारणासाठी वेगळ्या धाटणीचा रिसीव्हर घेऊन आला. तरी जागा महत्त्वाचीच. खिडकी बदलली, स्कॅनर एका मनोऱ्याच्या बाजूला सरकवला, की आवाज स्वच्छ व्हायचा. सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण असूनही आवाज फाटतो आणि पट्ट्या कमी असूनही नीट येतो, हे मला फार मोलाचं शिक्षण वाटतं.

पोलिसांचे बरेच टॉकग्रुप कूटबद्ध असतात. ते कोणत्याही स्कॅनरवर उघडत नाहीत. तपासाचं बोलणं झाकलेलं असावं हे मला मान्य आहे, पण आगीचं आणि पुराचं बोलणं उघडं राहावं असं मनापासून वाटतं. लोक त्यावरून सावध होतात.

हवामान खात्याची सात फ्रिक्वेन्सींची मालिका, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झ, मी वेगळ्या यादीत ठेवली आहे. आकाश भरून आलं की ती आणि अग्निशमनाची यादी, दोनच चालू करतो.