दाराजवळची पिशवी

आपत्कालीन पिशवीत काय भरावे, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात दुय्यम आहे. ती ठेवावी कुठे, हे आधी ठरवावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती बुडवून गावे नुकतीच झोपली होती. जिल्ह्यातल्या सास्तूर परिसरातली घरे माळवदाची होती. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर मातीचा जाड थर. भिंती उसवल्या, माळवद खाली आले आणि माणसांसकट धान्य, कपडे, कागद सारेच गाडले गेले. वर पाऊस.

पुढे कित्येक महिने लोक अंगणात झोपत. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या घरी आपत्कालीन पिशवी बाहेरच्या दाराशेजारी उंच खुंटीला असते. उंच अशासाठी की संकट पुराचेही असते. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा तालुक्यात हेलिकॉप्टरने माणसे काढावी लागली. चपला आणि बॅटरी मात्र उशाशी हव्यात, कारण काचा-दगड लागतात ते दार गाठेपर्यंतच.

पाणी पिशवीत मावत नाही. माणशी रोजचे तीन-चार लिटर धरून ते झाकणाच्या कॅनमध्ये वेगळे ठेवावे. खायला बिस्किटांपेक्षा या भागातली कडक भाकरी बरी. शेंगाचटणीबरोबर ती चुलीवाचून कित्येक दिवस चालते. ओआरएस, मलमपट्टी, शिट्टी, सुटे पैसे कुणालाही सुचतात. हमखास विसरतात त्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या. आधार, पासबुक आणि सातबाऱ्याच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळाव्यात, कारण जीव वाचल्यावर दारात पंचनामा येतो.

प्रवासाची पिशवी वेगळी आणि हलकी. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचे हाल होतात ते पायांचे. फोडांसाठी चिकटपट्टी, जादा मोजे, पाणी, ओआरएस एवढे पुरे; रात्री वाहनांच्या उजेडात चमकणारी पट्टी पाठीवर हवीच. ११२, १०८ आणि घरचा नंबर कागदावर लिहून मुलांच्याही खिशात घालावा. मोबाईल बंद पडला की हल्ली बायकोचा नंबरसुद्धा आठवत नाही.

दोन्ही पिशव्या मृगाआधी आणि दिवाळीच्या झाडलोटीत उपसाव्यात. गोळ्यांची मुदत संपलेली असते, बॅटरीचे सेल गळालेले असतात आणि मुलांचे कपडे आखूड झालेले असतात.